मोहाखालची हाळी

१९६३च्या चैत्रात देवमनविरुद्ध तिसरी तक्रार माझ्या टेबलावर आली. चिखलदऱ्याच्या खालच्या अंगाला, घाटातल्या एका विश्रामगृहावर मी बाबू होतो. अमरावती-अकोल्याकडून अस्वलं पाहायला येणाऱ्या मंडळींना खोल्या द्यायच्या आणि सोबत वाटाड्या द्यायचा, एवढंच माझं काम. देवमन आमचा वाटाड्या. त्याच्याइतकं ते जंगल कुणालाच ठाऊक नव्हतं. तक्रार अशी, की पहाटे मचाणावर नेऊन बसवतो आणि अस्वल समोर आलं की हा गृहस्थ बोंब ठोकतो. अस्वल पळून जातं. अकोल्याच्या एका डॉक्टरांनी खाली आणखी एक ओळ लिहिली होती, 'मोह वेचणाऱ्या त्या बाईलाही समज द्यावी. अस्वल तिच्यापासून दोन हातांवर होतं.' आधीच्या दोन्ही तक्रारींत ही बाई होतीच.

आता ही बाई कोण? मोहाची फुलं वेचायला गावातल्या बाया उजाडायच्या आधी निघतात, पण एकमेकींना मोठ्यानं हाळी देत. फुलांवर अस्वलाचाही डोळा असतो. माणसाचा आवाज आला की ते आपली वाट धरतं. मचाणासमोरच्या त्या एका झाडाकडे मात्र दोन वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं. तिथं अस्वलानं देवमनची बायको, मैनाबाई, मारली होती. माझी बदली त्यानंतरची, त्यामुळे मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. परगावची कुणी अडाणी बाई येत असेल, तिला ताकीद द्यावी आणि देवमनलाही झापावं, म्हणून दुसऱ्या पहाटे मी स्वतःच त्याच्याबरोबर गेलो.

मचाणावर बसलो तेव्हा उजाडत होतं. फुलांचा गोड, आंबूस वास घशात बसत होता. इतर झाडांखाली बाया पाला जाळून जमीन साफ करतात. इथं वाळका पाला घोटाभर साचला होता. थोड्या वेळानं तो करकरला. अस्वल आलं. पाठीवर पिल्लू घट्ट धरून बसलेलं. खाली मान घालून ते फुलं खाऊ लागलं.

त्याच्या पलीकडे एक बाई होती.

ती कधी आली, कुठून आली, मला सांगता येणार नाही. हिरवं लुगडं, कमरेला टोपली. वाकून वेचत होती. अस्वलाच्या पायाखाली पाला वाजत होता. तिच्या पायाखाली वाजत नव्हता.

"मैना!" देवमन ओरडला. "हाळी दे वो! मैना!"

अस्वल दचकून झाडीत घुसलं. बाईनं मानही वर केली नाही.

देवमननं माझा दंड धरला. "हाय का अजून?"

"गेलं अस्वल."

"अस्वलाचं नाई इचारून राहिलो, बाबू. ती हाय का?"

"तुला दिसत नाही?"

"मले एकदाबी नाई दिसली. पाव्हण्यायले दिसते."

त्याचे डोळे भरले होते. थांबत थांबत त्यानं सांगितलं. मैनाबाई गेली त्या वर्षी बडी मंडळी आली होती. बायांच्या हाळीपायी दोन दिवस अस्वल फिरकलं नाही. पाहुणे चिडले.

"रातीच सांगतलं मी तिले, उद्या हाळी देऊ नको. एकच दिवस. तिनं आयकलं, बाबू. जीव गेला, पन आवाज नाई काढला." मग एकदम अजिजीनं म्हणाला, "तुमाले दिसते, तं तुमचं आयकंल. सांगा न तिले, आता बोल म्हनावं."

एरवी मी हसलो असतो. तेव्हा त्या माणसाची कीव आली, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

"मैनाबाई," मी हाक मारली. माझाच आवाज मला परका वाटला. "देवमन म्हणतो, आता बोला."

ती सरळ झाली.

तिनं वर पाहिलं. माझ्याकडे नाही, देवमनकडे. मग उजव्या हाताचं बोट हळूच ओठांवर ठेवलं.

"काय म्हन्ते?"

"काही नाही. ओठांवर बोट ठेवलंय."

त्याचा हात माझ्या दंडावरून गळून पडला.

"रातीचं अर्धंच सांगतलं तुमाले," तो म्हणाला. "रातीले तिले पटलं नव्हतं. सकाळी अस्वल आलेलं तिनं पाह्यलं. हाळी द्यायले तोंड उघडलं. पाव्हणे बाजूले बसून होते. मी इथूनच तिले बोट दाखवलं. असं."

त्यानं बोट आपल्या ओठांवर ठेवलं.

खाली मैनाबाई पुन्हा वाकली. डाव्या हातानं वेचू लागली. उजव्या हाताचं बोट तिनं ओठांवरून काढलं नव्हतं.