गाठीवरच्या दोन टिचक्या

कडा चढायचा तर हात, पाय आणि दोर लागतो. डबाबंद जेवण न्यायचं तर ओपनरही लागतो. आमच्याकडे तीन दिवस पुरतील एवढे डबे होते आणि ओपनर घरी, ओट्यावर.

तो घ्यायचं काम माझ्या मेहुण्याचं. बायकोचा हा धाकटा भाऊ खडकाला असा चिकटायचा की सगळे त्याला पाल म्हणत. निघताना बायकोने मला बजावलं होतं, "त्याला धड परत आणा. तुम्ही मागाहून आलात तरी चालेल."

उन्हाळ्यातली सकाळ होती, पण त्या उंचीवरचा उन्हाळा नावापुरता. ऊन पाठ भाजत होतं आणि सावलीत बोटं बधिर होत होती. खेचरवाल्याने सामान कड्याच्या तासभर अलीकडेच उतरवलं. सबंध वाटेत तो एकच वाक्य बोलला, "दोघं चाललात, दोघंच या." मला वाटलं, गडी विनोदी आहे.

आमची एक रीत होती. निघण्याआधी एकाने दुसऱ्याच्या कमरेची गाठ तपासायची आणि तिच्यावर दोन टिचक्या मारायच्या. दुसऱ्यानेही त्याची गाठ पाहून दोन टिचक्या परत द्यायच्या. दोन्ही बाजूंनी झालं की निघायचं. त्याआधी कुणीही हलायचं नाही.

त्या दिवसाच्या शेवटच्या टप्प्याखाली मी ओपनरवरून पुन्हा तोंड सोडलं.

"दगडाने फोडू की भाऊजी, एवढं काय त्यात!"

"काय फोडू, डबा की तुझं डोकं?"

तो तणतणतच निघाला. टिचक्या राहिल्या.

टप्पा वीस मीटरचा होता. जरा वर गेल्यावर खडकाच्या फुगवट्याआड पाल दिसेनासा झाला. वारा असा होता की ओरडणं फुकट, म्हणून आम्ही दोराला झटके द्यायचो. तीन म्हणजे 'ये', दोन म्हणजे 'ढील दे'. दोर माझ्या हातातून सावकाश वर सरकत राहिला. वीस मीटर गेला. तीस गेला. म्हटलं, बसायला बरी जागा शोधत असेल. मग तीन झटके आले.

मी चढू लागलो. खडक महा खवचट. पकड धरावी तर ती सुटून माझ्याच तोंडावर यायची. दोर मात्र झकास ओढला जात होता. ना ढिला, ना ताणलेला. पालीने जन्मात इतकं नीट काम केलं नव्हतं. माझा राग निवळला. ओपनरचं सोडून द्यावं असंही वाटलं.

टप्प्यावरच्या खडकाच्या अरुंद फळीवर मी अंग टाकलं. पाल खडकाला पाठ लावून बसला होता. दोन्ही पंजे उघडे, मांडीवर. चेहरा राखेच्या रंगाचा.

"भाऊजी, किती ओरडलो, येऊ नका म्हणून."

"मग झटके कशाला दिलेस?"

"माझी गाठ मधेच सुटली. दोर माझ्याकडे नाहीये."

मी उभा राहून कमरेकडे पाहिलं. दोर तिथून निघून त्याच्या खांद्याजवळून आणखी वर गेला होता. वरचा कडा बाहेर झुकलेला, काचेसारखा गुळगुळीत. तिथे बोट टेकायलाही जागा नव्हती.

दोराला तीन झटके बसले. हलकेच.

माझ्या टाचा फळीवरून उचलल्या गेल्या.

"कापा," पाल म्हणाला.

कापला असता. पण दोराशिवाय पाल खाली उतरणार नव्हता आणि घरी उत्तर मला द्यायचं होतं. मी दोर धरला, दोन झटके दिले. ढील दे.

बराच वेळ काही झालं नाही.

मग सगळा दोर एकदम अंगावर आला. त्याच्या टोकाला गाठ होती. सुबक, घट्ट. आतला फास रिकामा.

आधी पालीला खाली सोडलं. मग दोर वर घेतला, खडकात ठोकलेल्या खिळ्यातून दुहेरी ओवला, कमरेला आधाराची गाठ मारली. दरीकडे पाठ केली. वीस मीटर खाली पाल हात हलवत होता.

माझ्या गाठीवर दोन टिचक्या बसल्या.

मी परत दिल्या नाहीत. दोन्ही हात दोरावर होते, हे निमित्त बरं सापडलं.

खेचरवाला ठरल्या जागी थांबला होता. त्याने आम्हाला पाहिलं. आमच्या मागे पाहिलं. सामान न घेताच खेचर हाकत निघून गेला.

याला सव्वीस वर्षं झाली. पाल आता आजोबा आहे आणि बायको अजूनही म्हणते, "आणलात हो त्याला धड." मी गाठींच्या वाटेला जात नाही. बूट बिननाडीचे, पायजम्याला इलास्टिक.

आज सकाळी ऑपरेशनसाठी मला हिरवा अंगरखा दिला. नर्सने कमरेला गाठ मारली, दार लोटलं आणि ती गेली.

मग दोन टिचक्या बसल्या.

उजव्या हाताला काम हवं म्हणून हे लिहितोय. डावा मांडीखाली दाबून ठेवलाय. अर्ध्या तासाने भूल देणार आहेत.