आभाळावरची साय

रिठावाडीच्या जत्रेतल्या कुस्त्या दुपारी सुरू व्हायच्या होत्या. आभाळ स्वच्छ होतं, चैत्रातलं ऊन मी म्हणत होतं आणि टिटवीने मात्र सकाळपासून वादळाचा धोशा लावला होता.

टिटवी म्हणजे गावाचा हवामान-यंत्रमानव. मराठवाड्यातल्या मोठ्या गावांना एव्हाना असा एकेक मिळाला होता. अंगाने कोंबडीएवढी, चार पंख्यांवर आभाळात चढायची, हवा मोजायची आणि खाली येऊन सांगायची. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं. पण पावसाची वर्दी देणाऱ्या पाखराला गावाने दुसरं नाव ठेवलंच नसतं.

"आज पूर्व मराठवाड्यात गारा आणि विजांसह वादळाची शक्यता साठ टक्के," ती शाळेच्या ओट्यावरून म्हणाली.

जत्रा कमिटीचे प्रमुख केरबाअण्णा कपाळावर हात धरून वर बघत होते. "आगं, कापसाच्या बोंडाएवढा ढग नाई! गेल्या साली बी असंच बोललीस. आम्ही फड मोडला, पाहुणे पैलवान माघारी धाडले, अन् थेंब नाई पडला. पंचक्रोशीत हसं झालं."

"गेल्या वर्षी वादळ झालं होतं. शेजारच्या तालुक्यात."

"मंग त्यांना सांगायचं!" म्हणून अण्णा हलगीवाल्यांकडे निघून गेले.

ओट्यावर बसलेली ईश्वरी खुदकन हसली. ती दहा वर्षांची होती आणि आज तिची पहिलीवहिली कुस्ती होती. फडाची रीत ठरलेली होती. आधी लहानग्यांच्या रेवड्यांच्या कुस्त्या, कारण त्यांचं बक्षीस रेवड्या. मग मोठे पैलवान आणि दिवस कलताना शेवटची मानाची कुस्ती. ढाक हा एकच डाव ईश्वरीने सहा महिने घोटला होता. मन फडात असूनही तिला विचारल्याशिवाय राहवेना.

"टिटवे, ढगच नाही तर वादळ येणार कुठून?"

"दूध तापवलं आहेस कधी?"

"रोज तापवते. रोज उतू जातं."

"उतू जाण्याआधी वर काय दिसतं?"

"साय. एकदम शांत असतं सगळं."

"आत्ता आभाळाचं तेच चाललंय," टिटवी म्हणाली. "खाली समुद्राकडून आलेली दमट हवा आहे. ऊन जमीन तापवतं, जमीन ही हवा तापवते आणि तापलेली हवा वर निघते. एरवी जसजसं वर जावं तसतसं गार लागतं. पण आज वर एक उलटा थर (जिथे वर चढताना हवा गार होण्याऐवजी उष्ण होत जाते तो पट्टा) पसरलाय. खालून आलेली हवा तिथे पोचते, तेव्हा भोवतालच्या हवेपेक्षा गार आणि जड ठरते. मग ती पुढे जात नाही. म्हणून ढग नाहीत."

"म्हणजे साय चांगलीच की!"

"सायीखाली दूध तापतच असतं."

उतू गेलेलं दूध पुसायचं काम घरात ईश्वरीकडेच होतं.

"साय फाटणार कधी?"

"माझ्या मोजणीप्रमाणे जमिनीजवळचं तापमान एकेचाळीस अंशांवर गेलं की. आत्ता अडतीस आहे. पण ती नेमकी कोणत्या गावावर आधी फाटेल, ते मला कळत नाही. म्हणून अंदाज प्रादेशिक (एका गावाचा नव्हे, सबंध पट्ट्याचा) असतो. साठ टक्के म्हणजे असे दहा दिवस आले, तर त्यातल्या साधारण सहा दिवशी या पट्ट्यात कुठेतरी वादळ होतं."

ईश्वरीने फडाकडे पाहिलं. मैदान मोकळं होतं आणि बाजूला एकच उंच चिंच. मानाची कुस्ती बघायला दरवर्षी पोरं त्या चिंचेवर चढतात आणि म्हातारी माणसं तिच्या बुंध्याशी बसतात. तेव्हा दिवस कलतीला असतो, म्हणजे ऊन तापून साय फाटायची आणि उंच झाडावर वीज पडायची नेमकी तीच वेळ.

ती धावत अण्णांकडे गेली. "अण्णा, फड मोडू नका. उलटा लावा. मानाची कुस्ती आधी घ्या, रेवड्यांच्या शेवटी. टिटवी एकेचाळीस म्हणाली की सगळे शाळेत."

"उलटा फड? देवाला काय सांगू?"

"सांगा, लेकरं थांबायला तयार हायेत."

अण्णांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "अन् तुझी कुस्ती?"

ईश्वरीला रडू आलं होतं. ते तिने कसंबसं आवरलं. "ऱ्हाईल," ती म्हणाली.

लोकांनी नाकं मुरडली, पण फड उलटा लागला. मानाची कुस्ती भर उन्हात झाली. मधल्या जोड्या चालू असतानाच टिटवी "एकेचाळीस!" असं ओरडू लागली. उगवतीला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा पांढराफेक ढग बघता बघता वाढत होता. अण्णांनी भोंगा हातात घेतला आणि सगळी जत्रा शाळेत लोटली. शाळेच्या माथ्यावर तडितरक्षक (विजेला सुखरूप जमिनीत नेणारी धातूची दांडी आणि तार) होता. रेवड्यांच्या कुस्त्या अर्थातच राहिल्या.

मग वारा सुटला, लिंबाएवढ्या गारा पडल्या आणि एक लखलखाट झाला. पाऊस ओसरल्यावर पाहिलं तर चिंच शेंड्यापासून बुंध्यापर्यंत उभी चिरली होती.

अण्णांनी रेवड्यांची टोपली ईश्वरीपुढे धरली. तिने मान हलवली. "कुस्ती झाल्याबिगर नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवी वर जाऊन आली. हवा ढवळून निघाली होती, दुपारपर्यंत धोका नव्हता. मग ओल्या मातीत रेवड्यांच्या कुस्त्या लागल्या. एरवी त्या बघायला चार आया सोडल्या तर कोणी नसतं. त्या दिवशी अख्खं गाव उभं होतं. ईश्वरीने ढाक लावली, तिचा पाय घसरला आणि तीच चितपट झाली. रेवड्या हरणाऱ्यालाही मिळतात.

"फुडल्या साली फड सुलटा लावायचा का उलटा, ते टिटवी सकाळी वर जाऊन आली की ठरवू," अण्णांनी जाहीर केलं.

ईश्वरीने रेवडी गालात सारली. "टिटवे, पुढच्या वर्षी मी जिंकायची शक्यता किती?"

टिटवीने क्षणभर हिशेब केला. "साठ टक्के."

काल सकाळी ईश्वरी एवढ्यावर नाचली असती. आज तिने उरलेल्या चाळिसांचा विचार केला, अंगावरची माती झटकली आणि ती तालमीकडे चालू लागली.