ठेंगणं दार

"घाल घाव, भिकन! माझ्या तोंडाकडं काय बघतो?" कुसाबाई म्हणाल्या खऱ्या, पण सुताराचा पहिला घाव चौकटीवर पडला आणि त्यांच्या काळजात चर्र झालं...

सासऱ्यांनी स्वतः तासलेली सागाची चौकट होती ती! इगतपुरीकडचा वारा पावसाला थेट चुलीपर्यंत आणायचा, म्हणून त्यांनी दार मुद्दाम ठेंगणं ठेवलं. तेव्हापासून व्याही असोत की तलाठी, कपाळाला टेंगूळ आल्याशिवाय या घरचा चहा कुणाला मिळालाच नाही! कुसाबाईंनीही माप ओलांडताना मुंडावळ्यांसकट डोकं आपटून घेतलं होतं, आणि एवढासा दीर चंदर खुदकन हसला होता.

त्यांच्याच हातचं खाऊन वाढलेल्या चंदरनं पुढं मालेगावच्या आशाशी गुपचूप लग्न ठरवलं. ते कुसाबाईंच्या नवऱ्याच्या, सावळीरामच्या कानावर गेलं आणि घरात एकच भडका उडाला. सांगितलं होतं सासूबाईंनी. पण लेकाचं मन आईवरून उडू नये म्हणून कुसाबाईंनी तो आळ मुकाट्यानं आपल्यावर घेतला.

"वहिनी, तूच चुगली केलीस! या दारात मी परत वाकणार नाय!" म्हणत चंदर गेला तो गेलाच. भावाच्या दहाव्यालाही तो अंगणातूनच परतला होता.

आता नात निकिताची हळद तोंडावर आली होती. हळद लागलेली नवरी उंबरा ओलांडत नाही, मग अंगणातूनच परतणाऱ्या चंदरआजोबाचा आशीर्वाद तिला मिळणार कसा?

"आई, माझ्या आजोबांच्या हातची चौकट गं..." मुलगा रविराज कळवळला.

"तो वाकायचा नाय, मंग दार उंच करू. मला माझं लेकरू घरात पायजे!"

दार हातभर उंच झालं.

हळदीच्या दिवशी पांढऱ्या केसांचा चंदर आशासोबत आला आणि अंगणातच थबकला.

"आजोबा, आत या ना! मला बाहेर येता येत नाय," आतून निकिता म्हणाली.

चंदरचे डोळे भरून आले. जुना हट्ट त्याच क्षणी गळून पडला. तो पुढं झाला, दाराशी सवयीनं कपाळावर हात धरला, खाली वाकला आणि आत आला!

"अरे, वाकलास कशाला? तुझ्यासाठी उंच केलंय दार!" कुसाबाई रडता रडता हसल्या.

त्यानं वळून वर पाहिलं. "वहिनी! बाबांची चौकट... माझ्यासाठी तोडलीस?" त्यानं त्यांचे पाय धरले. "त्या दिवशी मी..."

"राहू दे ते. आधी चहा घे." सासूबाईंचं नाव त्यांनी आजही घेतलं नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटलंही नाही.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरातली सगळी माणसं त्या उंच दारातून वाकूनच ये-जा करत होती.