खालची जाळी

खिडकीची काच खडखडली आणि खोलीतली शांतता मोडली. पाच वर्षांची बिट्टी मुकाट्याने उठली. दोरीवरचा मोजा ओढून तिने त्याची घट्ट सुरळी केली आणि फटीत खुपसली. काच गप्प झाली, बिट्टी पुन्हा रंगकाम करायला बसली.

"छातीची नाजूक आहे," तिची आई म्हणाली. "वारा लागला की रात्रभर खोकते. आम्ही घरात एक फट उघडी ठेवत नाही."

गुप्तहेर बाईंची मदतनीस बिट्टीजवळ सरकली. याच वयाचं एक मूल तिच्याही घरी होतं. आई बाईंना घडलेलं सांगू लागली.

घर विकून वर्षभर मोटरहोममधून, चाकांवरच्या घरातून भटकायचं, असं तिने आणि नवऱ्याने ठरवलं होतं. महिनाभर गाड्या पालथ्या घातल्यावर एक जुनी पसंत पडली. विक्रेता म्हणाला, घेण्याआधी एक रात्र झोपून बघा. नवरा एकटाच झोपला. गारठा म्हणून त्याने गॅसची शेगडी पेटती ठेवली आणि सकाळी तो उठलाच नाही. गाडीत विषारी वायू कोंडला होता. पलंगाखालची, जमिनीलगतची हवेची जाळी आतून बुजवलेली निघाली. राखाडी लोकरीची सुरळी होती. पोलिसांचा संशय धाकट्या दिरावर होता. त्या संध्याकाळी तो गाडीपाशी येऊन भांडून गेला होता.

"उद्या त्याला नेणार आहेत," आई म्हणाली. "बाई, त्याने केलं की नाही, एवढंच सांगा. पोरीला घेऊन मला आता त्याच्याच दारी जायचंय."

गाडी विक्रेत्याच्या आवारातच उभी होती. तो पाठ केल्यासारखं बोलला. गाडी खडखडीत कोरडी, छत कधी गळलं नाही. बाईंनी वर पाहिलं. छताच्या झरोक्याभोवती पांढऱ्या रबराची ताजी रेघ होती. दिराबद्दल विचारताच तो म्हणाला, दीर पायरीवरूनच ओरडत होता, आत गेलेला आपण पाहिला नाही. मग कुरकुरला की त्या दिवशी दुपारी बापाबरोबर पोरगी आली, चिखलाच्या बुटांनी पलंगाखाली शिरली, ते पुसायला मात्र आपण.

दिराला बाईंनी गाडीतच बोलावून घेतलं. तो अंगाने दांडगा होता. भांडल्याचं त्याने लपवलं नाही. "चाकांवर कुणी संसार थाटतं का, असं म्हणालो. शेवटचं तेवढंच बोललो दादाशी."

बाईंच्या हातून पेन्सिल पडली आणि पलंगाखाली थेट जाळीपर्यंत घरंगळली. त्यांनी ती दिराला काढायला सांगितली. तो आडवा झाला, पण हात कोपरापाशीच अडकला. दुःखातल्या माणसाला असं लोळवणं मदतनिसाला आवडलं नाही.

परतताना ती म्हणाली, "तोच असेल ना? तापट वाटतो."

"पेन्सिल अजून तिथंच आहे," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी बिट्टी बाहेर खेळत होती. स्वयंपाकघराचं दार लोटून बाईंनी आईला बसवलं.

"तुमच्या दिराने केलेलं नाही. ती जाळी मोठ्या माणसाच्या हाताला येतच नाही. विक्रेत्याने गळती लपवायला वरचा झरोका रबराने चिकटवून टाकला. वायूला वाट उरली नाही, तो त्याचा गुन्हा. मी तो पोलिसांपुढे ठेवणार आहे."

"आणि खालची जाळी?"

बाईंनी पोलिसांकडचा फोटो टेबलावर ठेवला. "घात करणारा घाईने बोळा कोंबतो. ही सुरळी नीट, घट्ट वळलेली आहे. तशीच एक तुमच्या खिडकीत आहे."

आईने फोटो पाहिला. मग खिडकीकडे पाहिलं. तिने पदर तोंडात कोंबला.

"कायदा पाच वर्षांच्या पोरीला काही विचारत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "तिला कधी सांगायचं, सांगायचं की नाही, ते तुमच्या हातात."

मदतनीस बाहेर आली. बिट्टीने चित्र तिच्यापुढे धरलं. त्यात चार चाकांचं घर होतं आणि आत एक माणूस झोपला होता.

"मावशी, खालून वारा येत होता ना, म्हणून मी माझा मफलर लावला. मग बाबांना थंडी नाही ना वाजली?"