नंबर दोनसमोर बोलू नये

धनजी नाक्यावरून राजिवड्याकडे उतरताना डाव्या हाताला कनीजचा सायबर कॅफे होता. सायबर कॅफे म्हणजे तीन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, काचेचा टेलिफोन बूथ आणि गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाक. साल दोन हजार चार. इंटरनेट तेव्हा फोनच्या तारेतून यायचं आणि येताना कोंबडी धरल्यासारखा कलकलाट करायचं.

कनीजचा नवरा मुसा कुवेतला एका कंपनीत फिटर होता. नऊ वर्षांत चारदा घरी आला होता. मूलबाळ नव्हतं. रिकामं घर खायला उठू लागलं तेव्हा कनीजने कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि दुकान उघडलं. "उघड, तेवढाच तुझा टाइमपास," असं मुसा फोनवर म्हणाला होता. तीन वर्षांत त्या टाइमपासचं काय झालं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. सकाळी शटर वर करताना कनीजला जो आनंद होई तो तिला ईदेलासुद्धा होत नसे.

राजिवडा, मिरकरवाडा, भाट्ये, कुठेही जा, घरातला एक तरी माणूस आखातात नाहीतर बोटीवर. मागे राहिलेल्या बायकांना टायपिंग येत नसे. त्या बाकावर बसून ईमेलचा मजकूर सांगायच्या आणि कनीज इंग्रजी अक्षरांत मराठी बडवायची. उत्तर आलं की वाचून दाखवायची. मात्र सांगणं आणि लिहिणं यांच्या मधे कनीजने स्वतःची एक गाळणी बसवली होती.

सगुणाकाकूंचंच बघा. त्यांचा हर्षद मस्कतला, बायकोसकट. काकू बाकावर मांडी घालून सुरू करायच्या.

"लिही गो बायो. मेल्या, लगीन झाल्यापासून आवशीला इसारलास. तुझी ती शूर्पणखा तुला जेवूक तरी घालते काय? लिहिलंस?"

"लिहिलं, काकू."

कनीजने लिहिलेलं असायचं: चिरंजीव हर्षद, तुझी फार आठवण येते. सूनबाईला आशीर्वाद. दोघं वेळेवर जेवत जा.

तिकडून हर्षद लिहायचा की सारखे उपदेश करू नकोस. कनीज वाचायची, "आई, तुझा सल्ला मोलाचा वाटतो." काकू पदराने डोळे पुसायच्या. अशा रीतीने निम्म्या राजिवड्याचे संसार कनीजच्या गाळणीतून जात होते आणि गुण्यागोविंदाने चालले होते. यात आपण काही गैर करतो असं तिला वाटत नसे. कडू काढून टाकलं तर कारलंसुद्धा खाता येतं.

या गोष्टीचा पत्ता आत्मारामभाऊंना नव्हता, हे बरं होतं. भाऊ कोर्टातून बेलिफ म्हणून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं लोकांच्या दारावर समन्स चिकटवून आता त्यांना माणसाच्या खाजगीपणाचा पुळका आला होता. रोज दहाच्या ठोक्याला ते पेपर घेऊन येत आणि तंत्रज्ञानाच्या बातम्या मोठ्याने वाचत.

"ऐका! अमेरिकेत म्हणे कंपनीचा कॉम्प्युटर आपोआप लोकांची पत्रं वाचतो आणि त्याप्रमाणे जाहिराती दाखवतो. उद्या सरकारही वाचेल. माणसाला काही हक्क आहेत की नाहीत?"

"वाचूदे की," सगुणाकाकू म्हणायच्या. "माझो गुडघो किती दुखता ता सरकारला तरी कळूदे. घरात कोण इचारत नाय."

"काकू, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तुमी चाळीस वर्षां लोकांच्या दारात उभे राहून आत वाकून बघितलांत, तेव्हा खंय होतां तुमचा तत्त्व?"

भाऊ पेपरचं पान उलटायचे. कनीज गालात हसायची. पत्र वाचणाऱ्या कॉम्प्युटरपेक्षा भारी, पत्र बदलणारी बाई याच खोलीत बसली आहे, हे तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

मार्च महिन्यात हर्षदचं उत्तर आलं. कनीजने नंबर दोनच्या कॉम्प्युटरवर ते उघडलं आणि पहिली ओळ मनातल्या मनात वाचली.

आई, माझ्या बायकोला शूर्पणखा म्हणायची गरज नव्हती.

"काय म्हणता?" काकूंनी विचारलं.

"सूनबाईने नमस्कार सांगितलाय," कनीज म्हणाली.

काकू गेल्यावर तिने नंबर दोनवरूनच पाठवलेलं ते पत्र पुन्हा काढून पाहिलं. आशीर्वाद जागेवर होते. वेळेवर जेवत जा, तेही होतं. शूर्पणखा कुठेच नव्हती. काकूंनी फोन केला असेल म्हणावं तर त्यांच्याकडे फोन नव्हता, आणि बूथमध्ये त्या कधी शिरल्या नव्हत्या. योगायोग असेल. सुनेला शूर्पणखा म्हणणाऱ्या सासवा काही कमी नाहीत.

पुढच्या आठवड्यात झरीन नावाच्या एका नव्या नवरीने दुबईला पत्र पाठवलं. ते सांगत असताना दारात मासळीवाली आली आणि झरीनने उठून तिच्याशी सुरमईवरून हुज्जत घातली. दुबईहून नवऱ्याचं उत्तर आलं: तुझी तब्येत बरी आहे हे वाचून आनंद झाला. सुरमई घेतलीस की नाही शेवटी?

सुरमई पत्रात नव्हती. आणि हेही पत्र नंबर दोनवरून गेलं होतं.

कनीज शहाणी बाई होती. भुताखेतांवर विश्वास ठेवण्याआधी मेकॅनिक बोलवावा, एवढी अक्कल तिला होती. चिपळूणहून अद्नान आला. त्याने नंबर दोन उलटा केला, पत्रा काढला, आत बॅटरी मारली. आत बोटभर धूळ आणि पालीची दोन अंडी होती.

"माइकच नाही हो यात," तो म्हणाला. "ऐकणार कशाने?"

"नीट बघ."

त्याने नीट पाहिलं. सगळं पुसून नव्याने भरलं. पत्रा लावला आणि हत्यारं गोळा करून कनीजला हळूच बूथमध्ये बोलावलं. काचेचा दरवाजा लावून घेतला.

"यात काही नाही, मी लिहून देतो," तो कुजबुजला. "पण तुम्ही त्याच्यासमोर बोलू नका."

संध्याकाळी कनीजने झेरॉक्सच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलं: नंबर दोनसमोर बोलू नये. लोकांना वाटलं, फार नाजूक मशीन आहे. काकूंनी तर चपला बाहेर काढून नमस्कार केला.

आत्मारामभाऊंना हा नियम फार आवडला. त्यांना शांतता हवी असे. ते मुद्दाम नंबर दोनवर बसू लागले आणि एका बोटाने पुण्याच्या पुतण्याला लांबलचक पत्रं लिहू लागले. तोंडातून चकार शब्द नाही. चौथ्या दिवशी पुतण्याचं उत्तर आलं आणि भाऊ खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागे पडली.

"कनीज, हे काय आहे?"

तिने वाचलं: काका, मी ठोंब्या असेन, पण आजोबांच्या जमिनीवर तुमचा डोळा आहे हे मला आज कळलं.

"असं लिहिलंत तुम्ही?"

"नाही!"

"बोललात?"

"देव भैरीची शपथ, अवाक्षर नाही." भाऊंचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. "मनात म्हटलं होतं फक्त."

दोघंही नंबर दोनकडे पाहत राहिले. पडद्यावर ठिपका उघडझाप करत होता. भाऊंनी पेपर उचलला, छत्री उचलली आणि खाजगीपणाबद्दल एक शब्दही न बोलता निघून गेले. नंतर महिनाभर ते फिरकले नाहीत.

कनीजने पाटीखाली 'आणि विचारही करू नये' असं लिहायला पेन घेतलं होतं, पण लोक हसतील म्हणून ठेवून दिलं. तिने नंबर दोनवर चादर टाकली आणि त्याची वायर काढली.

एप्रिलच्या शेवटी मुसाचं पत्र आलं.

कनीज, आता पुरे झालं. पंधरा मेला कायमचा येतोय. दुकान आवरायला घे. ती जागा चांगली आहे, मी तिथे हार्डवेअरचं दुकान टाकणार. तुला आता बाहेर बसायची गरज नाही.

तिने ते दोनदा वाचलं. नवरा कायमचा येतोय म्हटल्यावर बायकोने साखर वाटायची असते. कनीज मात्र शटरच्या कडीला हात लावून बराच वेळ उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि त्या रडण्याची तिला लाज वाटत होती. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्याबरोबर राहण्याची सवय तिला लागलीच नव्हती, आणि दुकानाची लागली होती.

उत्तर तर द्यायला हवं होतं. दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी नंबर एकचा पडदा दुरुस्तीला चिपळूणला गेला होता आणि नंबर तीनवर कॉलेजातली एक मुलगी अर्ज भरत बसली होती, ती काही उठेना. मुसाचा फोन आला, "पत्र का नाही? आज रात्रीपर्यंत लिही, मला तिकीट पक्कं करायचंय."

कनीजने चादर काढली आणि वायर जोडली.

तिने युक्ती केली. मनात काही येऊच नये म्हणून सतराचा पाढा सुरू केला. पाढा आत, पत्र बाहेर.

सतरा एके सतरा. तुमचं पत्र मिळालं, फार आनंद झाला.

सतरा दुणे चौतीस. दुकान आवरायला घेतलं आहे.

सतरा त्रिक एक्कावन्न. लवकर या. वाट बघते.

सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचे पंच्याऐंशी, सतरा सक...

सतरा सक किती? शाळेतही ती इथेच अडायची. त्या अर्ध्या क्षणाच्या फटीतून ते निसटलं: येऊ नका हो. तुमच्यासारखा नवरा नको. न सांगता मन ओळखणारा असता तर गोष्ट वेगळी होती.

बोट तोवर बटणावर पडलं होतं. पत्र गेलं.

मन चिंती ते वैरी न चिंती, हे तिला त्या आठवड्यात कळलं. मुसाचं उत्तर आलं नाही. फोन नाही. ती कुवेतचा नंबर फिरवायला बूथमध्ये जायची आणि रिसीव्हर तसाच ठेवून बाहेर यायची. काय म्हणणार होती? मी लिहिलं ते खरं माना, मनात आलं ते मानू नका?

पंधरा मेला दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली. दोन बॅगा, एक घोंगडी आणि मुसा.

कनीजला इतकं हायसं वाटलं की ती भर रस्त्यात रडली.

"माझं पत्र मिळालं?" तिने घाबरत विचारलं.

"मिळालं की."

"काय होतं त्यात?"

"तुझ्या मनातलं," मुसा हसून म्हणाला आणि बॅगा उचलून आत आला. हार्डवेअरचं नाव त्याने काढलं नाही. दुकानभर नजर फिरवून तो एवढंच म्हणाला, "चालू ठेव गो. छान चाललंय."

त्यानंतरचे बारा दिवस कनीजच्या संसारातले सर्वांत सुखाचे होते. हा जुना मुसाच नव्हे, असं ती कौतुकाने सगळ्यांना सांगत होती. जेवताना तिला मीठ हवं वाटायचं, तर वाटी पुढे आलेली असायची. गरम व्हायला लागलं की तो उठून पंखा लावायचा. दुपारी चहा प्यावा असा विचार मनात येतो न येतो तोच तो कप घेऊन दारात उभा. नऊ वर्षांच्या विरहाने माणूस सुधारला, असं ती समजली. सगुणाकाकू तर म्हणाल्या, "बायो, असो घोव लाखात एक. माझ्या घोवान तर मरेपर्यंत मी काय बोलतंय ता आयकलाच नाय."

सत्तावीस तारखेला दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मुसा बाकावर पेपर वाचत होता. कनीजने नंबर एकवर तिची पत्रं उघडली. कुवेतहून एक आलं होतं. सकाळचं.

कनीज, तू नको म्हणालीस त्याच दिवशी तिकीट परत केलं. रागात होतो म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. कंपनीने दोन वर्षं वाढवून दिली आहेत. दुकान चालव, मी आड येत नाही. पण माझ्यासारखा नवरा नको, हे एवढं तोडून लिहायला नको होतंस. मुसा.

ती उठली. पाय आपोआप बूथकडे गेले. दार उघडंच राहिलं. तिने नंबर फिरवला. बराच वेळ खरखर झाली.

"हॅलो?" पलीकडून मुसाचा आवाज आला. थकलेला, घसा बसलेला. मागे यंत्रांची घरघर. "कनीज? तूच ना? हॅलो, बोल ना गो काहीतरी."

काचेतून तिला बाक दिसत होता. उघडलेला पेपर, त्याखाली दोन पाय, पायांत मुसाच्या चपला.

मग हा कोण, असं तिच्या मनात आलं.

तिचे ओठ मिटलेले होते.

"मीच गो," पेपरामागून तो म्हणाला, आणि त्याने पान उलटलं.