काव ओली असताना

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात, बैलांच्या दावणीमागच्या लांब भिंतीवर मला अण्णांचं अक्षर दिसलं.

'कणीस-विळ्यावर शिक्का मारा.' पांढऱ्या चुन्यावर लाल काव, आणि प्रत्येक काना खाली येता येता किंचित आत वळलेला. असा काना माझे वडीलच काढत. लाल बावट्याच्या भिंती दर निवडणुकीत त्यांनीच रंगवल्या होत्या. पण ही निवडणूक लागायच्या आधीच अण्णा तापानं गेले होते.

मी भिंतीला बोट लावलं. बोट लाल झालं.

"हात लावू नका ताई, वलं हाय अजून."

मागं एक उंच तरुण उभा होता. हातात चुन्याची बादली, भुवईवर चुन्याचा थेंब.

"हे कुणी लिहिलं?"

"म्या."

"खोटं बोलता."

"खोटं बोलाया मी काय उमेदवार हाय?"

एरवी हसले असते. मी म्हणाले, "मी सूर्यभान अण्णांची मालन."

त्याचं हसू मावळलं. तो गहिनीनाथ. गेल्या निवडणुकीत अण्णांच्या हाताखाली चुना कालवायचा. "मला धड लिहिता बी येत न्हाई," असं म्हणून त्यानं खाली बसून धुळीत बोटानं स्वतःचं नाव काढलं. कोंबडीनं उकरल्यासारखी अक्षरं. मग उठून त्यानं घायपाताचा दांडा ठेचून अण्णांनी केलेला कुंचला उचलला. क्षणभर हात अधांतरी थांबला… आणि सरसर चालू लागला. काना आत वळला.

"कुंचला धरला की मनगट गार पडतं," तो भिंतीकडे बघतच हळू म्हणाला. "मंग मी नुसता उभा ऱ्हातो."

मी घाबरून घरी जायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी आईला प्रचाराला जाते म्हणून सांगितलं आणि त्याच्या सायकलवर बादली अडकवून निघाले.

पाऊस झाला नव्हता. विहिरींचे तळ दिसत होते. एका वस्तीवर रतनबाई नावाची म्हातारी आमच्या बादलीवर धावून आली. "प्यायला थेंब न्हाई आन् तुमी भिंतीला पाजता व्हय?"

"मावशे, पानी मागायलाच लिव्हतोय."

"तोंड लई चालतंय तुझं." तेवढ्यात तिची नजर भिंतीवर गेली. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, वडीलधारं माणूस दारात आल्यासारखा. "सूर्यभान अण्णा कवा आलं?" तिनं मला विचारलं.

मी गहिनीकडे बघितलं. लिंबाच्या सावलीत वारा नव्हता, तरी त्याच्या पाठीवरचा शर्ट हलत होता.

दुपारी आम्ही एका फडक्यातली भाकरी खायचो. "मला ताई म्हणू नका," एकदा मी म्हणाले.

"मंग काय म्हनू?"

"मालन."

"नुसतं?" तो लाजला. "लई उघडं वाटतं… मिरचीबिगर भाकरीवानी."

"मग मिरची मी होते."

"ती तर तुमी पयल्याच दिवशी हुता."

आधी मी अक्षराकडे बघायचे. मग त्याच्या मानेवरच्या घामाकडे, भाकरी मोडताना खाली झुकणाऱ्या पापण्यांकडे. आपण रोज कुणाला भेटायला येतो, हे माझं मलाच कळेना.

प्रचार संपायच्या आदल्या दिवशी भाकरी देताना मी त्याचा उजवा हात धरला. मुद्दामच. हात विहिरीतल्या दगडासारखा गार होता. तो डाव्या हातानं कांदा फोडत राहिला.

"गहिनी… मी हात धरलाय."

"कवा?" त्यानं खाली बघितलं. बराच वेळ बघत राहिला. "आदी मनगटच हुतं. आता पार खांद्यापत्तुर गेलंय."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू लिहू दिलं न्हसतं. आन् मी लिहिलं न्हाई तर… तू येनार कशाला?"

दुसऱ्या दिवशीची शेवटची भिंत आमच्याच गावच्या चावडीची. मी नको म्हणत होते. तो म्हणाला, एवढी एकच. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कुंचला चालू लागला. 'कणीस-विळ्यावर शि'… गहिनीचे ओठ पांढरे पडले. छाती हलेनाशी झाली. हात मात्र झपझप चालला होता, त्याचा नसल्यासारखा.

पुढं काना येणार होता. तो मला बघायचा होता. देवाशप्पथ, बघायचा होता.

"अण्णा, पुरे," मी म्हणाले. "सोडा त्याला."

हात थांबला. मी एकेक बोट उलगडून कुंचला काढून घेतला. उरलेली अक्षरं मीच लिहिली. वाकडी, जाडजूड, काव ओघळलेली. लिहिताना माझं मनगट गार पडेल म्हणून मी वाट बघत होते. पडलं नाही. मागं कुणीच नव्हतं. तेव्हा कुठं अण्णा गेल्याचं मला रडू आलं.

गहिनी भिंतीच्या पायथ्याशी बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवून. बऱ्याच वेळानं त्याची बोटं हलली.

"मालन," तो म्हणाला, "हाताला ऊन लागतंय गं."

मी डोळे पुसत राहिले.

"आता धर की. आता कळंल मला."

वरची काव अजून वाळली नव्हती. मी तिच्याकडे पाठ केली आणि त्याच्याजवळ जाऊन बसले.