मफलरचा कप

कपाट सताड उघडं होतं. आतलं जुनं, मौल्यवान व्हायोलिन गायब होतं आणि खाली चहाचा एक रिकामा कप होता. लाल पट्टीचा. काठावर ओठांचा सुकलेला डाग.

"हा मफलरचा," वाद्यदुरुस्तीच्या दुकानाचे मालक म्हणाले. "त्याचा कप आम्ही वेगळाच ठेवलाय."

मफलर म्हणजे दुकानातला पॉलिशवाला. याच दुकानात स्पिरिटचा भडका उडून त्याचा चेहरा जळाला. त्यानंतर त्याचं नाव गेलं आणि मफलर उरला. गिऱ्हाईक बिचकतं म्हणून त्याच्या टेबलापुढे पडदा लावला होता.

इन्स्पेक्टर बाई पडद्याआड गेल्या. ब्रश, चिंध्या, बाटल्या, एका बाटलीत रबरी नळी. डोळ्यांपर्यंत करडा मफलर गुंडाळलेला माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"काल दुकान बंद झाल्यावर कुठे होतात?"

"घरी. एकटाच."

एकट्याने साक्षीदार कुठून आणायचा? आणि इथून हाकललं, तर या चेहऱ्याला दुसरीकडे काम कोण देणार? बाईंना स्वस्थ उभं राहवेना. त्यांनी वॉचमनला बोलावलं.

"काल दुकान बंद झाल्यावर किल्ली कुणाला दिलीत?"

"मफलरला. वाटलं, काही विसरला असेल."

"काही बोलला?"

"नुसता हात पुढे केला."

"चेहरा पाहिलात?"

वॉचमन ओशाळला. "त्याच्या चेहऱ्याकडे कोण बघतं, बाई? मफलर दिसला की मान खाली जाते."

"जाताना हातात काय होतं?"

"काही नाही. मोकळे हात."

"त्याला चहा पिताना कधी पाहिलंय?"

"नाही."

मालकांनीही मान हलवली. "कप पडद्याखालून आत सरकवतो. रिकामा बाहेर येतो."

"मी पाहतो की रोज," गल्ल्यावरचा मालकांचा मेहुणा म्हणाला. "कालही याच कपाला तोंड लावून घटाघटा प्यायला. आता बघा कसा भिंतीकडे तोंड करून बसलाय. चोराच्या मनात चांदणं."

बाईंनी दोन चहा मागवले आणि पडद्याआड जाऊन बसल्या.

"तुमच्यासमोर नको," तो म्हणाला.

"मी उठणार नाही."

त्याने पडद्याची फट ओढून बंद केली. मग त्याने मफलर सोडला. खालचा ओठ ओढला जाऊन हनुवटीला चिकटला होता. बाईंची नजर आपोआप ब्रशांकडे वळली. त्यांनी ती ओढून परत आणली. त्याने चहा बाटलीत ओतला, नळी तोंडात खोल सरकवली आणि तो प्यायला.

"कपाने नाही पीत?"

"सांडतो सगळा. भाजल्यापासून नाही प्यायलो."

बाई कप घेऊन बाहेर आल्या.

"या कपाला ओठ लागलेत. त्याचे ओठ कपाला लागूच शकत नाहीत, तो नळीने पितो. तुम्हा कुणालाच हे माहीत नाही, कारण इथे कुणी त्याच्याबरोबर चहाच घेतलेला नाही. दोघांनी खरं सांगितलं, की पाहिलं नाही. जे घडतच नाही ते रोज पाहणारे एकटे तुम्ही." त्या मेहुण्याकडे वळल्या. "कप उष्टा करून चोरी त्याच्या गळ्यात मारायची होती ना? मफलर गुंडाळला की वॉचमन वर बघणार नाही, हेही तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. पण चोर मोकळ्या हातांनी गेला. म्हणजे व्हायोलिन इथेच आहे. आज ते दुरुस्त झालेलं गिऱ्हाइकाचं वाद्य म्हणून तुमच्या माणसाच्या हाती दिलं असतंत, तर कुणी विचारलंही नसतं. तुम्ही बसता त्या गल्ल्याखालचं कपाट उघडा."

"दाजी, या बाई काहीही..."

मालकांनी हात पुढे केला. "किल्ली."

कपाटात व्हायोलिन होतं. त्यावर नवाकोरा करडा मफलर गुंडाळलेला होता.

बाई मेहुण्याला घेऊन गेल्या. मालकांनी पडदा काढला आणि ते स्वतःचा कप घेऊन पॉलिशवाल्यासमोर बसले.

"मला सांगायचंस ना, कपाने पिता येत नाही म्हणून."

"सांगायला मफलर काढावा लागला असता."

तो नळीने पिऊ लागला. एक ओघळ हनुवटीवरून खाली आला आणि मालकांची नजर जमिनीकडे गेली. ती वर आणताना त्यांना घाम फुटला.

"होईल सवय," पॉलिशवाला म्हणाला. "मलाही वेळ लागला."